शिकवणारा मूर्ख, पळवणारा शहाणा

‘माणसं मिळत नाहीत हो!’ कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींत शिफ्टचा भोंगा दिवसातून तीनदा वाजतो, हे वाक्य तासातून तीनदा. शिरोलीत बसा, गोकुळ शिरगावात बसा, कागलच्या पंचतारांकित वसाहतीत बसा. चहाचा कप पुढ्यात आला की मालकाचा हात कपाळाला जातो. पोरं कामाची राहिली नाहीत, मोबाइलनं वाटोळं केलं, फुकटच्या रेशननं आळशी केलं, बिहारचा गडी छटपूजेला गेला तो परतलाच नाही. मी स्वतः फौंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगचं मशिनिंग करून देणारी छोटी शेड चालवतो. ही रड रोज ऐकतो आणि तिच्यात खरं किती, याचा हिशेबही रोज करतो.

या मंडळींना नेमकं कोण हवंय, ते एकदा विचारून बघा. आयटीआय झालेला टर्नर हवा. सीएनसीवर तीन वर्षं काढलेला हवा. त्याला ड्रॉइंग वाचता आलं पाहिजे, इन्सर्ट कधी बदलायचा हे न सांगता कळलं पाहिजे, रविवारी ओटीला बोलावलं की तो आला पाहिजे. पगार? चौदा हजार, त्यातून पीएफ कापून. मंडईत वीस रुपये घेऊन जायचं आणि ‘यंदा हापूस आलाच नाही’ म्हणून बोंबलायचं, तसला हा प्रकार. त्या पोराला त्रैराशिक येतं. खोलीभाडं, पेट्रोल आणि मेसचं बिल भागवून घरी पाठवायला काय उरतं, हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. पुण्यात दुचाकीवरून लोकांच्या दारात बिर्याणी पोचवली तर चार पैसे जास्त सुटतात, वर मालकाच्या शिव्या खाव्या लागत नाहीत. तो जातो. मग आपण म्हणायचं, या पिढीला कष्ट नकोत.

कुशल कामगार कुठल्या झाडाला लागत नाही. कुणीतरी त्याच्याजवळ उभं राहून, त्यानं बिघडवलेला माल पोटात घालून, महिनोन् महिने त्याला घडवावं लागतं. त्याला पैसे पडतात. ते पैसे या देशात कुणालाच द्यायचे नाहीत. सरकारला प्रमाणपत्रं मोजायची आहेत, मोठ्या कंपनीला स्वस्तात हात हवेत, आणि आपल्याला शेजारच्या शेडमध्ये शिकून तयार झालेला माणूस हवाय.

आणि हे कोल्हापुरात सांगायची पाळी यावी! बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा याच गावात बनवला, तोही विलायतेहून कुणी तंत्रज्ञ न बोलावता. यंत्रमहर्षी म्हणून गाव ज्यांना ओळखतं त्या म्हादबा मेस्त्रींकडं कुठल्या संस्थेची पदविका होती? उद्यमनगरात ऑइल इंजिनं तयार झाली, ऊसपट्ट्यातल्या विहिरींवर बसली, पुढं विजेच्या मोटारींनी इंजिनांचा धंदा बसवला तेव्हा याच मेस्त्र्यांच्या जिवावर गाव मोटारगाड्यांच्या कास्टिंगकडं वळलं. तिकडं कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना काढला तेव्हा लोखंडी नांगर बनवणारे कारागीर त्यांना जाहिरात देऊन मिळाले नव्हते. आसपासच्या खेड्यांतल्या माणसांच्या हातातच त्यांनी कानस दिली. पुण्यात टेल्कोनं मुदतबंद शिकाऊ पोरं घेऊन त्यांना नीट शिकवलं आणि त्यातल्या अनेकांनी पुढं भोसरीत स्वतःच्या शेडा टाकल्या. आज त्या शेडांचे मालक ‘माणसं मिळत नाहीत’ म्हणतात, तेव्हा मला हसावं की रडावं कळत नाही.

शिकणं म्हणजे काय असतं ते एकदा भट्टीवर येऊन बघा. जुना मोल्डर वाळू मुठीत दाबतो, मूठ उघडतो, वाळूचा गोळा मोडून त्याची धार बघतो आणि सांगतो, ‘पाणी जास्त झालंय.’ प्रयोगशाळेतला आकडा नंतर येतो आणि बहुतेक वेळा म्हाताऱ्याच्या बाजूनंच येतो. लेथवरचा चांगला टर्नर चिपचा रंग बघून वेग कमी करतो, आवाज बदलला की जॉब थरथरतोय हे मान न वळवता ओळखतो. हे पुस्तकात लिहिलेलं असतंच. पण हातात यायला चुकावं लागतं, आणि चूक म्हणजे रिजेक्शन. शिकाऊ पोरगा व्हर्नियर आवळून धरतो आणि माप कमी दाखवतो. मायक्रोमीटर धरताना श्वास रोखून धरतो, जणू बॉम्बच निकामी करायचाय. पन्नास जॉब भंगारात गेल्यावर त्याच्या बोटांना कळतं की किती दाब म्हणजे दाब. ते पन्नास जॉब कुणाच्या खात्यावर टाकायचे, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर कुठल्याच धोरणात सापडत नाही.

उलट आपल्या शेडांमध्ये पोराला शिकू न देण्याची पक्की व्यवस्था आहे. सीएनसीवर त्याला उभं करायचं. काम काय? जॉब लावायचा, दार ओढायचं, हिरवं बटण दाबायचं, जॉब काढायचा. ऑफसेटच्या पानाला हात लावायचा नाही. कंट्रोलची किल्ली सेटरच्या खिशात. सेटर तरी का शिकवेल? त्याची किंमत त्या किल्लीतच आहे. तीन वर्षं हा पोरगा बटण दाबतो आणि कागदावर तीन वर्षांचा अनुभवी ऑपरेटर होतो. खरं तर तो पहिल्याच महिन्याचा अनुभव छत्तीस वेळा घेऊन आलेला असतो. मग दुसऱ्या शेडमध्ये त्याची मुलाखत होते, त्याला टूल बदलून माप काढायला सांगतात, तो घाम पुसतो, आणि तिथला मालक मला फोन करून सांगतो, ‘बघा, आजकालची आयटीआयची पोरं!’

आता सरकारकडं येऊ. तिथं तर आनंदीआनंद आहे. २००९ च्या राष्ट्रीय कौशल्य धोरणानं २०२२ पर्यंत ५० कोटी लोकांना प्रशिक्षित करायचं ठरवलं होतं. पन्नास कोटी! देशातला जवळपास प्रत्येक कमावता माणूस त्यात आला असता, कदाचित ते धोरण लिहिणारेही आले असते. मग २०१५ चं धोरण आलं. त्यात लिहिलं की भारतातल्या कामकरी लोकसंख्येपैकी औपचारिक प्रशिक्षण मिळालेले फक्त ४.६९ टक्के, जर्मनीत ७५ टक्के, दक्षिण कोरियात ९६ टक्के. गेली दहा वर्षं हा आकडा प्रत्येक मंत्र्याच्या भाषणात, प्रत्येक परिषदेच्या पहिल्या स्लाइडवर असतो. पण त्या टक्क्यांत मुठीत वाळू दाबणारा तो म्हातारा मोल्डर येतो का? येत नाही. कारण त्याला कुणी शिकवलं याचा कागद नाही. म्हणजे या देशात प्रत्यक्षात ज्यांनी काम शिकवलं ते मेस्त्री, उस्ताद आणि मिस्तरी सरकारच्या हिशेबी अस्तित्वातच नाहीत. ज्यांना शिकवता येत होतं त्यांना बाहेर ठेवलं आणि कोट्यवधींची योजना हवाली केली ती गाळे भाड्यानं घेऊन फळा लावणाऱ्यांच्या.

१५ जुलै २०१५ ला ‘स्किल इंडिया’चा नारळ फुटला आणि प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना गावोगाव पोचली. तीन-चार महिन्यांचे अभ्यासक्रम, हजेरीचं यंत्र, टी-शर्ट, टोपी, प्रमाणपत्र. तेव्हा असल्याच एका केंद्राचा माणूस माझ्या शेडमध्ये आला होता. बोलायला गोड. म्हणाला, ‘साहेब, तुमच्या लेटरहेडवर वीस पोरांची नेमणूकपत्रं द्या.’ मी म्हटलं, माझ्याकडं वीस जणांना उभं राहायला जागा नाही. तो म्हणाला, ‘पोरं येणारच नाहीत हो, तुम्ही सही-शिक्का तेवढा द्या.’ मी त्याला चहा पाजून वाटेला लावला. त्याला शिक्का देणारे दुसरे कुणी भेटलेच असतील, कारण पुढच्या पत्रकात त्या केंद्राचं ‘प्लेसमेंट’ उत्तम होतं.

हे एकट्या माझ्या अनुभवावर सोडायची गरज नाही. २०१६ साली सरकारनंच नेमलेल्या शारदा प्रसाद समितीनं सांगितलं की उद्योगाला नेमकं जे कौशल्य हवं तेही या खटाटोपातून मिळालं नाही आणि तरुणाला बऱ्या पगाराची नोकरीही मिळाली नाही. उद्योगाच्या नावानं उभारलेल्या सेक्टर स्किल कौन्सिल बंद करा, असंही सुचवलं. समितीचे आभार मानले गेले आणि कौन्सिल चालू राहिल्या. नंतर डिसेंबर २०२५ मध्ये या योजनेवरचा कॅगचा अहवाल लोकसभेत मांडला गेला. प्रशिक्षणार्थींच्या बँक खात्याच्या रकान्यात ९४ टक्क्यांहून अधिक जणांपुढं शून्य, ‘नल’, ‘लागू नाही’ असलं काहीतरी किंवा नुसतीच रिकामी जागा. काहींच्या खात्याचा क्रमांक म्हणजे एकापुढं एक मांडलेले एकाचे आकडे. एकच फोटो वेगवेगळ्या लाभार्थींच्या नावावर. अल्पमुदतीचं प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवलेल्या दर शंभरांतल्या एक्केचाळीस जणांना काम लागल्याची नोंद. आता त्या एक्केचाळिसांत सही-शिक्क्याची पत्रं किती, हे ज्यानं त्यानं आपल्या अनुभवानं ठरवावं.

आयटीआयबद्दल मात्र मी हात राखून बोलेन, कारण जे थोडंफार शिकवणं उरलंय ते तिथंच उरलंय. १९५० साली सुरू झालेली कारागीर प्रशिक्षण योजना ही या देशानं केलेल्या शहाण्या गोष्टींपैकी एक. दोन वर्षं पोरगा कानस घासतो, हॅकसॉ चालवतो, फिटिंगचे जॉब करतो. तो माझ्याकडं आला की मला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. पण त्याला घडवणाऱ्या शिल्पनिदेशकाची अवस्था काय? कुठं जागा रिकामी, कुठं तासिका तत्त्वावरचा माणूस, कुठं एकच माणूस दोन तुकड्या हाकतो. मशीन बंद पडलं तर वीस हजारांच्या सुट्या भागासाठी कागद मुंबईची वारी करून येतो. तोवर पोरं त्या मशीनचं चित्र वहीत काढतात. महाराष्ट्रात या पोरांचं विद्यावेतन वर्षानुवर्षं महिन्याला ४० रुपये होतं. चाळीस! त्यात एसटीचं एका दिवसाचं जाणं-येणंही भागत नव्हतं. २०२३ मध्ये ते ५०० करायचं ठरलं आणि त्याच्या बातम्या अशा झळकल्या की जणू तिजोरीच उघडली. २०२४ च्या सप्टेंबरात राज्यातल्या ४३४ संस्थांमध्ये संविधान मंदिरं उभी राहिली, त्याच वर्षी काही संस्थांना थोरामोठ्यांची नावं मिळाली. संविधानाला माझा मनापासून नमस्कार आहे, थोरामोठ्यांनाही आहे. त्यांच्यापैकी कुणालाही विचारलं असतं तर पाटी बदलण्याआधी लेथचा चक बदला, असंच त्यांनी सांगितलं असतं.

शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. त्याखालचे २०१९ चे सुधारित नियम असे, की तीस किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर शिकाऊ उमेदवार घेणं सक्तीचं, चार ते एकोणतीस असतील तर ऐच्छिक. आणि एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के एवढे घ्यायचे. आता गणित करा. माझ्या शेडमध्ये बारा माणसं. पंधरा टक्क्यांनी येतात एक पूर्णांक आठ. म्हणजे एक पोरगा आणि दुसऱ्याचं धड. दोन हजार माणसांच्या कारखान्याला तीनशे शिकाऊ घेता येतात. त्या तीनशेंमधले किती खरंच काही शिकतात आणि किती वर्षभर लाइनवर त्याच एका स्टेशनला तेच चार बोल्ट आवळतात, ते चाकण-रांजणगावच्या खोल्यांमध्ये दाटीनं राहणाऱ्या पोरांना विचारा. २०१३ पासून ‘नीम’ नावाची एक योजना होती, तांत्रिक शिक्षण परिषदेची. तिच्यात पोरगा ‘प्रशिक्षणार्थी’, त्यामुळं तो कामगार नव्हे, त्यामुळं पीएफ नाही, मुदत तीन वर्षांपर्यंत. काम मात्र कायम कामगाराच्या खांद्याला खांदा लावून, त्याच वेगानं. मुदत संपली की हातात कागद आणि गेटबाहेर. पुढं ती योजना गुंडाळली गेली, पण त्या वेळी लाइनला उभी राहून गेलेली पोरं आज कुठं आहेत याची चौकशी कुणी केल्याचं ऐकिवात नाही. प्रशिक्षण हा शब्द उच्चारला की किमान वेतन, बोनस, कायमपणा यांच्यातलं काहीही लागू होत नाही, असा शोध ज्यानं लावला त्याला खरं तर उद्योगरत्न पुरस्कार द्यायला हवा.

शिकाऊ उमेदवाराचं विद्यावेतन २०१९ च्या नियमांनी पाच ते नऊ हजारांच्या दरम्यान बसवलं. छोट्या शेडमधल्या शिकाऊसाठी केंद्र सरकार त्यातला चौथा हिस्सा देतं, तोही जास्तीत जास्त १५०० रुपये. उरलेलं मी द्यायचं, भंगारात गेलेले जॉब मी सोसायचे, पोर्टलवर करार चढवायचा, महिन्याच्या महिन्याला हजेरी भरायची. सर्व्हर झोपला तर तोही माझाच दोष. हे सगळं मी मुकाट सोसलं असतं. पण २०२४ च्या अर्थसंकल्पात प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना आली. देशातल्या ५०० सर्वांत मोठ्या कंपन्यांत तरुणांनी वर्षभर अनुभव घ्यायचा, महिना पाच हजार. त्यातले ४५०० सरकार देणार आणि कंपनी तिच्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून ५०० देणार! माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास बसेना. ज्यांच्या एका संचालकाच्या पगारात माझी अख्खी शेड विकत घेता येईल, त्यांच्या दारात पोरगा पोचवायला सरकारी तिजोरीतून साडेचार हजार. आणि जिथं पोरगा मालकाच्या शेजारी उभा राहून, शिव्या खात का होईना, पण खरंच काम शिकतो, तिथं दीड हजार. ही योजना ज्या कुणी आखली त्यानं एकदाही हातात पाना धरलेला नसावा. पोरांना मात्र लगेच कळलं. पहिल्या फेरीत ८२ हजारांच्या आसपास जागा देऊ केल्या आणि प्रत्यक्ष रुजू झाले नऊ हजारांच्याही आत.

राज्यानंही मागं राहायचं नाही म्हणून निवडणुकीच्या तोंडावर मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावीला ६०००, आयटीआय किंवा पदविकेला ८०००, पदवीधराला १०,०००, आधी सहा महिने आणि मग वाढवून अकरा. कितीतरी पोरं ग्रामपंचायतीत आणि तहसीलात जावक क्रमांक टाकायला बसली. मुदत संपल्यावर ती रस्त्यावर उतरली, कायम करा म्हणाली. त्यांचं काय चुकलं? वर्षभर कचेरीत बसवलं तर कचेरीतली नोकरीच मागणार. टर्नर झालेल्या पोराला आठ हजार देऊन सरकारी टेबलाशी बसवायचं आणि इकडं आमची लेथ मोकळी ठेवायची, याला राज्यकारभार म्हणतात.

आता मोठ्या कंपनीचा खरेदी अधिकारी. याच्यावर एक स्वतंत्र लेख होईल, पण थोडक्यात उरकतो. कास्टिंगचा भाव ठरतो तेव्हा एक तक्ता भरावा लागतो. कच्चा माल, मशीनचा ताशी दर, टूल, पॅकिंग, वाहतूक, नफा. त्यात माणूस शिकवायच्या खर्चाचा रकाना नाही. मी एकदा हातानं तो रकाना घातला होता. साहेब म्हणाले, ‘ते तुमच्या ओव्हरहेडमध्ये बघा.’ दरवर्षी भाव दोन-तीन टक्क्यांनी उतरवायचा तो वेगळाच. कायद्यानं ४५ दिवसांत यायला हवं ते बिल नव्वद दिवसांनी आलं तरी पेढे वाटायचे. आणि हीच कंपनी वर्षातून एकदा ऑडिटला आली की भिंतीवर ‘स्किल मॅट्रिक्स’ मागते. प्रत्येक कामगाराच्या नावापुढं एक गोल, गोलाचे चार भाग. एक भाग रंगवला तर नवशिका, चारही रंगवले तर दुसऱ्याला शिकवू शकणारा. आपल्या वसाहतीत ऑडिटच्या आदल्या रात्री काळी स्केचपेनं किती खपतात याचा हिशेब स्टेशनरीवाल्याकडं मिळेल. एका रात्रीत आख्खी शेड उस्तादांची होते. ऑडिटरलाही ठाऊक असतं. त्याला पाच वाजता पुण्याची गाडी पकडायची असते.

पण सगळ्यात कडू गोष्ट आपल्यातलीच आहे. मालक शिकवत का नाही? ‘शिकवला की पळतो,’ हे त्याचं उत्तर. खरं आहे, पळतो. पोरगा सहा महिन्यांत हाताशी आला की समोरच्या शेडवाला दोन हजार जास्त देऊन नेतो, कारण त्यानं शिकवण्यावर काहीच घातलेलं नसतं, त्याला दोन हजार परवडतात. शिकवणारा मूर्ख ठरतो आणि पळवणारा शहाणा. हे कळल्यावर प्रत्येक जण शहाणा व्हायला बघतो आणि शिकवणारं कुणी उरत नाही. यावर आपल्या हुशार मंडळींनी काय उपाय काढला? पगार वाढवला? छे. ‘एकमेकांची माणसं घ्यायची नाहीत’ असा अलिखित करार केला. पोरगा सोडून गेला की त्याचं नाव व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचं, म्हणजे त्याला कुठं दार उघडायचं नाही. काही ठिकाणी तर मूळ गुणपत्रिका कपाटात ठेवून घेतात. आजोबांच्या काळात सावकाराकडं सातबारा गहाण पडायचा, नातवाची मार्कलिस्ट पडते. आणि असल्या कपाटाचा मालक रोटरीत उभा राहून तरुणांच्या स्थलांतरावर भाषण करतो.

‘माणसं मिळत नाहीत’ म्हणताना बायका त्यात धरलेल्या नसतात, हेही जाता जाता. गावाकडून रोज एसटीनं येणारी, आयटीआयमधून मशिनिस्ट होऊन बाहेर पडलेली पोरगी मी बघितली आहे. तिला तीन शेडांनी नाकारलं. कारण? शेडमध्ये बायकांचं संडास नाही. तीस-चाळीस लाखांचं सीएनसी मशीन कर्ज काढून आणता येतं, पण एक संडास बांधवत नाही, असा हा उद्योजक वर्ग.

आणि हे सगळं चालू असताना महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. सुमारे १०,००० कुशल तरुण तिकडं पाठवायचे. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, परिचारिका. जरूर पाठवा, पोरांचं भलं होईल. मला संधी असती तर मीही गेलो असतो. पण जर्मनीला माणसं कमी पडतात ती तिथं मुलं कमी जन्मतात म्हणून. आपल्याकडं पोरांचे तांडे बस स्टँडवर बसलेत आणि तरी आपल्यालाही माणसं कमी पडतात. जर्मनीकडून घ्यायचंच होतं तर पोरं पाठवण्याआधी त्यांची पद्धत घ्यायला हवी होती. तिथं शिकाऊ पोरगा आठवड्यातले बहुतेक दिवस कारखान्यात आणि एक-दोन दिवस शाळेत असतो. परीक्षा उद्योगांचं चेंबर घेतं, आणि व्यवसाय-धंद्यांना चेंबरचं सभासद होणं कायद्यानं बंधनकारक आहे. चेंबरच्या वर्गणीतून मग छोट्या कारखान्यालाही जोड मिळते. तिथंही सगळ्याच कंपन्या शिकवत नाहीत, बहुसंख्य नाहीच शिकवत. पण शिकवणाऱ्याला कुणी मूर्ख म्हणत नाही. त्याच्या दारावर उस्तादाची पाटी असते आणि तिला मान असतो.

इथं लगेच कुणीतरी म्हणेल, मग सरकारनं एक टक्का सेस बसवावा. बाबांनो, नको. बांधकाम मजुरांच्या नावानं असा सेस गोळा झालाच आहे. त्यातून महाराष्ट्रात मजुरांना भांड्यांचे संच वाटले गेले. भांडी वाईट नव्हती म्हणतात. पण गवंड्याच्या पोराला त्यातून प्लंबिंग शिकवलं असतं तर भांडी त्यानं स्वतः घेतली असती. पैसा मुंबईला गेला की त्याची भांडी होतात, हे लक्षात ठेवून जे करायचं ते गावात करायला हवं.

पाबळचा विज्ञान आश्रम माझ्या डोळ्यांसमोर आहे. अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन आलेले, हिंदुस्थान लिव्हरच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडलेले डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ साली पाबळच्या माळावर गेले आणि शाळेत नापास ठरलेल्या पोरांना वेल्डिंग, वायरिंग, सुतारकाम, शेती हे सगळं प्रत्यक्ष गावाची कामं करत करत शिकवू लागले. पोरं गावासाठी शेड उभारायची, वस्तू बनवायची आणि त्यातूनच शिकायची. म्हणजे पन्नास जॉब भंगारात गेले तरी एक्कावन्नावा कुणाच्या तरी उपयोगी पडायचा. चाळीस वर्षं झाली. या काळात सरकारनं प्रशिक्षणाच्या योजनांची नावं इतक्या वेळा बदलली की मोजणाऱ्याला फेस येईल. पाबळ जिथं होतं तिथंच आहे.

म्हणून मी आमच्या संघटनेच्या सभेत एक साधा प्रस्ताव मांडला. आपल्या तीनशे शेडा धरा. प्रत्येकीनं महिना हजार रुपये. झाले तीन लाख. त्यात पन्नास पन्नास हजारांवर निवृत्त झालेले दोन अस्सल उस्ताद ठेवायचे, एक मोल्डिंगचा, एक मशीन शॉपचा. उरलेल्या दोन लाखांत वीस पोरांना, त्यात निम्म्या पोरी, दहा हजारांप्रमाणे विद्यावेतन. जागा कुणाच्याही बंद पडलेल्या शेडची, लेथ प्रत्येकाच्या कोपऱ्यात गंजत पडलेल्यांपैकी दोन, कास्टिंग भंगारातलं, म्हणजे बिघडलं तर कुणाच्या पोटात दुखायला नको. पोरगा तयार झाला की त्याला हवं त्या शेडमध्ये जाऊ दे. कुठंही गेला तरी वसाहतीतच राहील, शिकवल्याचा खर्च सगळ्यांनी मिळून केलेला असेल, त्यामुळं पळवापळवीचा प्रश्नच मिटतो. पगार कोण जास्त देतो, ते मात्र पोरगा बघेल.

सभेत दोन जणांनी टाळ्या वाजवल्या. एकानं विचारलं, पोरगा शिकून चाकणला गेला तर? मी म्हटलं, तर आपण पगार कमी देतो असा त्याचा अर्थ. त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी अध्यक्षांनी माईक हातात घेतला, माझ्या तळमळीचं कौतुक केलं आणि विषय पुढच्या वर्षावर ढकलला, कारण यंदाचा निधी सभागृहाच्या एसीसाठी आधीच मंजूर झाला होता. एसी बसवायला माणूस मात्र मिळत नाही म्हणतात.